सहा नंबरचा सातवा दगड

रविवार, ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

चार वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते उघडण्याआधी हातात तोलून पाहिलं असशील. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाची खोड, ती जाणार कुठे. पत्र जड आहे, हे आधीच सांगून ठेवते. चहा घेऊन बस.

इकडे सर्व ठीक. गुडघे कुरकुर करतात, पण मी त्यांना दाद देत नाही. तुझा खोकला कसा आहे? तुझ्या बायकोचा हात प्लास्टरमध्ये होता असं उडत उडत कळलं होतं. आता बरा असेल.

लिहायला निमित्त असं, की गेल्या महिन्यात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डाव्याचा अजून तसाच आहे, त्याची पाळी नंतर. त्यामुळे सध्या मी दोन वेगवेगळ्या डोळ्यांनी जगते आहे, आणि खरं सांगू, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. उजवा डोळा झाकला की घरातली प्रत्येक वस्तू चहा सांडून वाळलेल्या कागदासारखी दिसते. डावा झाकला की भिंती पांढऱ्याशुभ्र, भांडी लख्ख, आणि माझे स्वतःचे हात इतके सुरकुतलेले की मी दचकलेच. पहिले चार दिवस मी घरभर एकेक डोळा झाकत फिरत होते. साबण बघितला, बादली बघितली, कपाटातले मोजे बघितले. मोज्यांचे चार जोड असे निघाले की एक पाय काळा आणि एक गडद निळा. हे घालून मी बँकेत जाऊन आले आहे.

शेजारच्या बाई म्हणाल्या, “अहो, जिन्यात असं करू नका. लोक म्हणतील, या वयात डोळे मारतात.” शेजारच्या बाई म्हणजे त्याच, शाळेत गणित शिकवायच्या त्या. शिंकल्या तर वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं त्या. ऑपरेशनला सोबत त्याच आल्या होत्या.

आणि पहिला धक्काही त्यांनीच दिला. दोन वर्षांपूर्वी त्यांना बाहेरच्या खोलीला रंग द्यायचा होता. मी रंगांच्या कंपनीत एकतीस वर्षं काढलेली, तीही शेडकार्ड विभागात, तेव्हा रंग निवडायला मीच पुढे. हलका राखाडी दिला निवडून. शांत, सभ्य, डोळ्यांना त्रास नाही असा. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा त्यांच्याकडे चहाला गेले आणि दारातच थबकले. खोली जांभळी होती, धाकट्या. स्वस्तातल्या साबणाच्या वेष्टनासारखी जांभळी.

“पुन्हा रंग दिलात की काय?” मी विचारलं.

“नाही हो. तुम्हीच निवडलेला.”

“मग दोन वर्षं बोलला का नाहीत?”

“तुम्ही त्यातल्या जाणकार. मला वाटलं, आपल्यालाच कळत नसेल. आता सवय झाली.”

कंपनीत मला ‘नापास बाई’ म्हणायचे, तुला माहीत आहे. उत्तरेच्या खिडकीत उभं राहायचं, डब्यातला रंग पट्टीवर ओढायचा, शेजारी कार्ड लावायचं, आणि जुळलं नाही तर डबा परत. बड्या साहेबांनी तोंड वाकडं केलं तरी परत. अशा त्या नापास बाईनं एका भल्या शेजारणीला दोन वर्षं जांभळ्या खोलीत बसवून ठेवलं होतं. घरी येऊन मी पोट धरून हसले. मग हसू एकदम थांबलं, कारण मला आपल्या चित्रांतला सहा नंबर आठवला.

शेजारच्या बाई माझ्या मागोमाग आल्याच होत्या. चित्रांच्या खोलीत त्या कधी आल्या नव्हत्या. मी तिथे कुणालाच येऊ देत नाही, त्यावरून तू मला किती चिडवायचास. ‘ताई, चित्रं बघायला असतात की पुरायला?’ या खेपेला म्हटलं, या. जाड पडदे, सपाट खणांचं कपाट आणि मधोमध टेबल, एवढं बघून त्या म्हणाल्या, “मी समजत होते इथे काहीतरी असेल.” मी नऊच्या नऊ लिथोग्राफ एकेक करून टेबलावर काढले. प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न. “हे कशाचं?” “कशाचंच नाही.” “मग काढलं कशाला?”

मला परदेशी वाचनालय बंद झालं तो दिवस आठवला. त्यांनी सगळं सामान बाहेर मांडलं होतं, खुर्च्या, नकाशे, पंखे, आणि एका खोक्यात आपला अमेरिकन चित्रकार. तू अठरा वर्षांचा, मी चोवीसची. तीन नंबर हातात धरून तूही हेच विचारलंस. मी म्हटलं, कशाचं का असेना, हा पिवळा आमच्या कंपनीला जन्मात जमणार नाही. त्या एका पिवळ्यापायी आपण दोघं पंचवीस वर्षं त्या माणसाच्या मागे लागलो. कुठकुठल्या गॅलऱ्यांना पत्रं घातली, कुठल्या म्हाताऱ्या वकिलाच्या जिन्यात तासन्‌तास बसलो, आणि संच पुरा केला. त्याचा चेहरा कसा आहे हे मात्र आपल्याला आजही माहीत नाही.

बाईंना मी सगळं समजावून सांगितलं. गुळगुळीत दगड असतो, त्यावर तेलकट खडूनं काढायचं, दगड ओला करायचा आणि मग शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागेवर शाई बसत नाही, तेलकट जागेवर बसते. वर कागद ठेवून दाबला की चित्र उमटलं. दर रंगाला वेगळा दगड. “या सहा नंबरच्या माहितीत सात दगड लिहिलेत,” मी म्हटलं, “म्हणजे हाच कागद सात वेळा, केसभरही न हलता, सात दगडांवर ठेवला गेलाय.”

बाईंनी चष्मा पुसला, वाकून मोजलं, आणि गणिताच्या बाई बोलल्या. “मग रंग सात हवेत. इथे सहाच आहेत.”

मी म्हणणार होते, की सातवा आम्हा भावंडांनाही इतक्या वर्षांत सापडलेला नाही, तुम्ही कुठे शोधत बसता. सवयीनं बोटावर मोजू लागले. तांबूस, काळा, पिवळा, राखाडी, कोपऱ्यातला नखाएवढा हिरवा. आणि थांबले. माझे पाचच होत होते. बाईंनी सहा म्हटलं होतं.

डावा डोळा झाकला. राखाडीवर तो फिकट जांभळा पसरलेला होता, पूर्वी जिथे होता तिथेच. उजवा झाकला, नुसता राखाडी. पुन्हा डावा झाकला. बाई विचारत होत्या, “बसता का जरा? पाणी आणू?” पाणी नको म्हटलं, कार्ड आणा म्हटलं. वहीत नोंद आहेच आपली: सहा नंबर, जांभळा, कार्ड चारशे अठरा. कार्ड चित्राला लावलं. उजव्या डोळ्यानं दोन्ही जांभळे, तंतोतंत एक. डाव्या डोळ्यानं दोन्ही राखाडी, पण तेही तंतोतंत एक. हे नीट वाच. डोळा खराब असला तरी कार्ड आणि चित्र दोन्ही सारखीच फिकी दिसणार. म्हणजे आंधळ्या होत चाललेल्या डोळ्यालासुद्धा, कार्ड लावलं असतं, तर कळलं असतं की रंग उडालेला नाही. दोन मिनिटांचं काम होतं. त्या दिवशी तुझ्या घरी ते कार्ड माझ्या पर्समध्ये होतं.

ठरल्याप्रमाणे मी अदलाबदलीला आले होते. आपला नियम: विषम एकाकडे, सम दुसऱ्याकडे, दर दोन वर्षांनी उलट. माझी पाच मी गाडीतून मांडीवर घेऊन आले होते. तुझ्या आतल्या खोलीत टांगलेला सहा नंबर तू काढून आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलास. मी भिंग लावलं आणि म्हटलं, जांभळा उडालाय, उन्हात लावलास. तू म्हणालास, “ताई, आहे की तो.” तुझी बायकोही म्हणाली, “वन्सं, मलापण दिसतोय.” मी तिला म्हटलं, तुला काय कळतं. मग आणखीही काहीबाही बोलले. आणि नऊच्या नऊ बांधून घेऊन निघाले.

तर रंग होता. चूक माझी होती. हे वाक्य मी कच्च्या कागदावर चार वेळा लिहून पाहिलं, दर वेळी शेपूट लांबायचं. आता एवढंच ठेवलं आहे. तुझ्या बायकोला सांग, तिला बरोबर दिसत होतं.

सम चित्रं तुझ्याकडे पोचवायची व्यवस्था करते. नऊही हवी असतील तर नऊही ने. कळव.

तुझी,
ताई


बुधवार, १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार.

पत्र मिळालं. तोललं. पाकिटासकट अठ्ठावीस ग्रॅम.

डोळा सुधारला हे वाचून बरं वाटलं. पत्र बायकोला वाचून दाखवलं. जांभळ्या खोलीपाशी ती इतकी हसली की तिला ठसका लागला. ‘तिला बरोबर दिसत होतं’ या वाक्यापाशी मात्र उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी लावत होती. हात बरा आहे तिचा.

सहा नंबर माझ्या ‘आतल्या खोलीत’ टांगला होता असं तू लिहिलंस. ती आईची खोली, ताई. एवढ्या लांबलचक पत्रात तू शेजारणीची शिंकसुद्धा घातलीस, पण आई एकदाही नाही.

सातव्या दगडाचं सांगतो. तो आईला सापडला.

शेवटच्या वर्षी ती पडूनच असायची, ते तू येऊन बघून गेली होतीस. पलंग ज्या भिंतीला टेकलेला होता, त्याच भिंतीवर पायाच्या बाजूला सहा नंबर होता. ती त्याला ‘पडलेलं कपाट’ म्हणायची. तिला ते समोरून दिसायचंच नाही, खालून आणि तिरकं दिसायचं. काच तडकली म्हणून मी काढली होती आणि नवी बसवायची राहिली होती. रागवायचं असेल तर आता रागव. एक दिवस दुपारी म्हणाली, “अरे, त्या कपाटावर पाणी सांडलंय का बघ.” मी फडकं घेऊन गेलो. समोरून काहीच नव्हतं. “तिथून नाही दिसायचं. इकडे ये, माझ्यासारखा आडवा हो.” तिच्या उशीवर डोकं टेकवून बघितलं. राखाडीवरून जांभळ्यापर्यंत गेलेलं एक लांब वळण होतं, हाताएवढं रुंद. रंग काही नाही, नुसती चकाकी. सातव्या दगडावर त्या माणसानं बिनरंगाची शाई फिरवली होती. आपण रंग मोजत बसलो.

आई इतकी खूश झाली की सांगता सोय नाही. म्हणाली, “ताईला कळवू नकोस हं. अदलाबदलीला येईल तेव्हा तिला इथे झोपवू आणि विचारू, काय दिसतं ते सांग.” रोज विचारायची, अदलाबदल कधी आहे म्हणून. मग ती गेली.

त्या दिवशी मी चित्र टेबलावर ठेवलं ते तुला सांगायला, की ताई, खाली वाक आणि कडेनं बघ, आईनं तुझ्यासाठी काय ठेवलंय. तेवढ्यात तू म्हणालीस, ‘तुझ्याकडे काही म्हणता काही टिकत नाही.’ तू पत्रात लिहिलेलं ‘काहीबाही’ ते हे.

आईला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

रंगाची चूक मी कधीच मनावर घेतली नव्हती. चित्रं पाठवू नकोस. दुसरं पत्र लिहायचं असलं तर लिही.

धाकटा


मंगळवार, ४ मार्च

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद वगैरे या खेपेला राहू देत. द्यायला तोंड नाही.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी आधी काय केलं ते सांगते, म्हणजे तुझी बहीण कशी आहे ते तुला पुन्हा एकदा कळेल. रडले नाही. सातवा दगड बघायला गेले. पत्र हातातच होतं.

खोलीचे पडदे इतकी वर्षं सरकवलेले नव्हते की कड्या गंजून दांडीला धरून बसल्या होत्या. शेजारच्या बाईंना हाक मारली. दोघींनी मिळून ओढले, एक पडदा दांडीसकट खाली आला. मग सहा नंबर भिंतीला टेकवून मी जमिनीवर आडवी झाले. काही दिसेना. कोन चुकत होता. स्टुलावर ठेवून पाहिलं, स्टुलावर जाड पुस्तकं रचून पाहिलं. शेवटी बाईंनी चित्र दोन्ही हातांनी वर धरलं आणि मी त्यांच्या पायाशी उशी घेऊन उताणी. “डावीकडे घ्या. अजून थोडं. खाली नको, खाली नको.” बाई म्हणाल्या, “मी चाळीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले, पण इतकी कधी दमले नाही.”

आणि दिसला. पाणी सांडल्यासारखाच, आईनं बरोबर शब्द वापरला होता. खालच्या कडेपासून निघून वर जाताना बारीक होत जाणारं वळण, आणि त्यात त्याच्या खडूचा कण न् कण दिसत होता. माझं डोकं जरा हललं की गायब. मी डावा डोळा झाकून पाहिला, मग उजवा. गंमत बघ, मोतीबिंदूच्या डोळ्यालाही तो तितकाच स्पष्ट दिसत होता. तो बघायला चांगली नजर लागतच नव्हती, पाठ टेकावी लागत होती. मी त्या चित्रासमोर टेबलाशी ताठ बसून किती तास काढले असतील, भिंगं आणि कार्डं घेऊन, आणि आईनं ते पलंगावर पडल्या पडल्या ओळखलं. त्यानंतर बाईही आडव्या झाल्या आणि मी चित्र धरलं. उठताना दोघींना एकमेकींचा आधार घ्यावा लागला. मग बाई घरी गेल्या, आणि मी पुन्हा तिथेच खाली बसले आणि मग रडले.

आता जे पहिल्या पत्रात नव्हतं ते.

तुला एक गोष्ट माहीत नाही. आईनं तुला सांगितली नसणार, आणि मी तर सांगणं शक्यच नव्हतं. तुझ्याकडे राहायला येण्याआधी तिनं मला विचारलं होतं. जुनं घर सोडायचं ठरलं त्या सुमारास ती माझ्याकडे आठवडाभर होती. एके सकाळी चित्रांच्या खोलीच्या दारात उभी राहिली, आत डोकावून म्हणाली, “इथे एक पलंग बसेल, नाही का गं? पडदे काढले की उजेडही येईल.” अगदी सहज, भाजी काय करायची विचारावं तसं. तिला किती धीर करावा लागला असेल, ते मला आत्ता लिहिताना कळतंय. मी म्हटलं, “आई, इथे चित्रं आहेत. त्यांना उजेड चालत नाही.”

ती म्हणाली, “असं होय.” आणि दार ओढून घेतलं.

पुन्हा तो विषय तिनं काढला नाही, मीही नाही. दोन महिन्यांनी तुझं पत्र आलं, की आई इकडे येते म्हणते, तिला इकडची हवा मानवते. मी उलट टपाली कळवलं, छान झालं. मला खरंच हायसं वाटलं होतं.

पत्र मिळून इतके दिवस झाले तरी मी पेन उचललं नाही ते यामुळेच. तुला वाटत आलं असेल की तिनं तुला निवडलं. हे सांगून मी तुझ्याकडून तेवढंही काढून घेते आहे की काय, अशी धास्ती वाटत होती. पण मग एक आठवलं. शेवटच्या वर्षी मी तिला भेटायला आले, तू बाहेर गेला होतास, तेव्हा मी तिच्याजवळ बसून म्हटलं, चल आता माझ्याकडे, मी खोली रिकामी करते. मनापासून म्हटलं होतं, निदान त्या क्षणी तरी. ती म्हणाली, “नको गं. मला इथून सगळं दिसतं.” मला वाटलं, खिडकीतला रस्ता म्हणते आहे. म्हणजे, पहिल्यांदा तिनं मला विचारलं असेल, पण राहिली ती तुझ्याकडे, आणि नंतर बोलावलं तरी उठली नाही. हे तुझंच आहे. ते मला हवं असूनही नेता आलं नाही.

ती गेल्यावर तीन महिन्यांनी मी तुझ्याकडे आले ती अदलाबदलीचं निमित्त करून. खरी आले होते तुला नापास करायला. एकतीस वर्षांत कार्ड लावल्याशिवाय मी एकही डबा परत पाठवला नव्हता. एकही नाही. त्या दिवशी पर्समध्ये कार्ड असून हात गेला नाही, कारण कार्ड जुळलं असतं तर तू पास झाला असतास. मला ते नको होतं. आई तुझ्याकडे गेल्यावर खचली, तुझ्या हातून निसटली, असं एकदा माझ्या मनानं ठरवून टाकलं, की मग ती माझ्याकडे का राहिली नाही हे मला कुणी विचारणार नाही, मी स्वतःसुद्धा नाही. जांभळा दिसला नाही तेव्हा मला वाईट वाटलंच नव्हतं. मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. हे सगळ्यांत वाईट आहे आणि हे मी आजवर कुणाला बोललेले नाही.

तू तिला तीन वर्षं सांभाळलंस. तुझ्या बायकोनं तिचं अंग पुसलं, केस विंचरले, तिची कूस बदलली, आणि तिला मी म्हटलं, तुला काय कळतं. तिला मी वेगळं पत्र लिहिते आहे. ते तिच्या नावानं येईल, तू उघडू नकोस.

मला माफ कर, धाकट्या. लगेच नको, खोटं होईल. पण कर.

डाव्या डोळ्याची तारीख मिळाली आहे, २७ मार्च, गुरुवार. दवाखान्यात एक फॉर्म भरून द्यावा लागतो, पेशंटला घरी कोण नेणार त्याचा. शेजारच्या बाई येतो म्हणत होत्या, त्यांना मी नको म्हटलं. सोबतीच्या रकान्यात तुझं नाव लिहिलं, आणि नात्याच्या रकान्यात भाऊ. काउंटरवरच्या मुलीनं वाचून विचारलं, “येणार ना ते नक्की? ऐनवेळी दुसरं कुणी चालत नाही.” मी म्हटलं, त्याला अजून विचारायचंय. 

तर विचारते. येशील का?

मधलं टेबल बाहेर काढलं आहे आणि तिथे पलंग घातला आहे. पडदे बाईंनी पायपुसण्यांसाठी नेले. सकाळी दहापर्यंत सगळ्या खोलीभर ऊन असतं, मला माहीतच नव्हतं. चार दिवस राहावं लागेल, दोघं आलात तर आणखी बरं.

येणं जमणार नसेल तर नुसतं ‘नाही’ एवढं लिही, मी समजेन. कारण मात्र लिहू नकोस. आईला मी दिलेलं कारण मला अजून शब्दन्‌शब्द पाठ आहे.

तुझी,
ताई